चावी देताना घरही दाखवा: बर्फाच्या प्रदेशात घरं भाड्यानं देणाऱ्यांना खुलं पत्र

सर्व घरमालक आणि इमारतींचे व्यवस्थापक यांना,

स. न. वि. वि.

हिवाळा तोंडावर आला की तुमचं पत्रक दारावर लागतं. गाडी रस्त्याकडेला लावू नका, बाल्कनीतला बर्फ खाली लोटू नका, गावाला जाताना हीटिंग पूर्ण बंद करू नका, भाडं वेळेवर भरा. सूचना रास्त आहेत. पण वादळ येऊन थडकलं, वीज गेली आणि दोन दिवस दारच उघडता आलं नाही, तर आत असलेल्या माणसानं काय करायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. हे पत्र त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहे.

तुमच्या भाडेकरूंमध्ये आता असे पुष्कळ जण आहेत, ज्यांनी बर्फ आयुष्यभर फक्त फ्रीजरमध्ये पाहिला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी ते उष्ण प्रदेशांतून येतात, आल्या आल्या जाड जाकीट आणि बूट घेतात आणि तयारी झाली असं समजतात. त्यांची भीती बाहेरच्या थंडीची असते. वादळात माणसं घराच्या आत, अंगणात फावडं हातात असताना आणि उभ्या गाडीत बसल्या बसल्याही दगावतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही त्या घराचे मालक. हे सांगण्याचं काम दुसरं कोण करणार?

मागणं एकच आहे. चावी हातात देता तेव्हा अर्धा तास काढून भाडेकरूला घर दाखवा. खोल्या त्यानं पाहूनच घेतलेल्या असतात. त्याला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवा, विजेचा मुख्य स्विच दाखवा, गॅसचा मीटर दाखवा, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा डिटेक्टर दाखवा आणि फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या यंत्राचा, धूर भिंतीतून नेमका कुठून बाहेर पडतो, ती जागा दाखवा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी दाखवत नाही. जुन्या फर्नेसचा धूर छपरावरच्या चिमणीतून जायचा. नव्या, कमी गॅस खाणाऱ्या फर्नेसमधली बहुतेक उष्णता घरातच वापरली जाते. त्यामुळे बाहेर पडणारा वायू इतका थंड असतो की त्याला प्लॅस्टिकची नळी पुरते, आणि ही नळी बऱ्याचदा बाजूच्या भिंतीतून काढलेली असते. बाहेरून पाहिलं तर जमिनीपासून जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर दोन पांढऱ्या नळ्यांची तोंडं दिसतात. एक हवा आत ओढते, दुसरी धूर बाहेर टाकते. झुडपांच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी. वर्षानुवर्षं राहणाऱ्यालाही त्या कशाच्या आहेत ते ठाऊक नसतं.

आता वादळ कसं येतं ते पाहा. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या हिशेबात ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, ठरतं ते बर्फ किती पडला यावर नाही. वारा ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त, समोरचं ४०० मीटरही नीट दिसत नाही आणि असं निदान तीन तास टिकतं, तेव्हा ते ब्लिझर्ड. म्हणजे मूळ करामत वाऱ्याची. तो मोकळ्या अंगणातला बर्फ उचलतो आणि भिंतीच्या आडोशाला नेऊन रचतो. अंगणात घोटाभर बर्फ आणि भिंतीला कमरेएवढा ढीग, असं सहज होतं. त्या ढिगाखाली ती दोन तोंडं बुजतात. यंत्र चांगलं असेल तर त्यातला दाब ओळखणारा स्विच फर्नेस बंद करतो. घर गार पडू लागतं, भाडेकरूला वाटतं यंत्र बिघडलं, तो तुम्हाला फोन लावतो, तुमचा फोन व्यग्र, आणि मग तो ऊब यावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी पेटवून बसतो. यंत्र जुनं किंवा नादुरुस्त असेल तर धूर घरातच फिरतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात: घरात कार्बन मोनॉक्साइड साचतो. आणि उपाय केवढा? नळ्यांभोवतीचा बर्फ हातानं आणि झाडूनं बाजूला करणं, पाच मिनिटांचं काम. वादळ चालू असताना दर काही तासांनी, बाहेर पाय ठेवता येत असेल तर. पण त्यासाठी ती जागा आधी माहीत हवी ना!

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून थोडा वायूही बराच वेळ श्वासात गेला तर घात होतो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, गळून गेल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात हे सगळं फ्लूच्या नावावर खपून जातं. फरक असा की यात ताप नसतो, घरातल्या सगळ्यांना एकदमच त्रास सुरू होतो आणि मोकळ्या हवेत गेलं की जरा बरं वाटतं. झोपलेल्याला तर लक्षणं जाणवतही नाहीत. म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ डिटेक्टर हवा, आणि तो चालता हवा. तुमच्यापैकी किती जणांनी भिंतीवरचा डिटेक्टर काढून त्याच्या पाठीवरची तारीख वाचली आहे? त्याचंही आयुष्य ठरलेलं असतं, साधारण पाच ते दहा वर्षं. पिवळा पडलेला डिटेक्टर भिंतीवर असून नसल्यासारखा.

भाडेकरूंची बाजू घेतोय म्हणून त्यांचं सगळंच बरोबर, असं नाही. रात्री पिकपिक करतो म्हणून डिटेक्टरची बॅटरी काढून रिमोटमध्ये घालणारे महाभाग मी पाहिलेत. फर्नेसच्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके छतापर्यंत रचणारेही पाहिलेत. पण त्यांच्यापैकी कुणालाही ती वस्तू तिथे का आहे हे सांगितलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये काय झालं ते आठवा. ४५ लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली आणि राज्य सरकारच्या मोजणीनुसार २४६ माणसं मेली. बहुतेक थंडीनं. पण ऊब मिळवण्याच्या धडपडीत काहींनी कोळशाची शेगडी घरात आणली, काहींनी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, आणि विषारी वायूनं गेलेल्यांचीही त्या आकड्यात भर पडली. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक आणि पूर्व ऑन्टॅरिओत दिवसचे दिवस टेकताच गोठणारा पाऊस पडत राहिला, विजेचे मनोरे बर्फाच्या भारानं वाकून कोसळले आणि काही घरांत महिनाभर दिवा लागला नाही. तिथेही तेच. जनरेटर चुकीच्या जागी, शेगडी घराच्या आत. दोन्ही ठिकाणची माणसं काही अडाणी नव्हती. थंडीनं बोटं आखडली आणि समोर पेटणारी वस्तू असली की शहाणपण पुरत नाही, ते आधीच पक्कं बसलेलं असावं लागतं.

म्हणून जनरेटरबद्दल तुमच्या करारात जे एक ओळीचं कलम असतं, ते वाढवा. जनरेटर घरापासून निदान सहा मीटर लांब, धुराचं तोंड दार-खिडक्यांच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये नाही, शटर उघडं ठेवूनही नाही. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घराला वीज द्यायचा उद्योग कुणी करू नये. ती वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत जाते आणि दुरुस्तीला आलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते.

गाडीचंही तसंच. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यू जर्सीत एक माणूस गाडीभोवतीचा बर्फ उपसत होता, बायको-मुलं ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून आत बसली होती. धुराची नळी बर्फात बुजलेली होती. आई आणि मुलं गेली. तो चार पावलांवर होता. पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक पर्यटक मेले. आधी धुराची नळी मोकळी करायची आणि मगच किल्ली फिरवायची, हे वाक्य तुमच्या पार्किंगच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत का नसावं? 'अनधिकृत वाहन उचलून नेलं जाईल' हे तर असतं.

पाण्याबद्दल. एका जुन्या घरात आम्हाला हे चांगलंच नडलं. वादळ ओसरलं, ऊन पडलं आणि दुपारी छताच्या कोपऱ्यातून फुटलेल्या पाइपचं पाणी गळायला लागलं. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी तो सापडला कपडे धुण्याच्या यंत्रामागे, आणि त्याच्या चाकावर दर रंगकामाच्या वेळी चढवलेल्या रंगाचे इतके थर होते की ते भिंतीचाच भाग होऊन बसलं होतं. पान्यानं ठोकून रंगाचे पापुद्रे उडवले तेव्हा कुठे ते अर्धं फिरलं. तोवर खालच्या मजल्यावरच्यांची गादी भिजली होती. व्यवस्थापनाचं म्हणणं, रस्ते मोकळे झाले की माणूस पाठवतो. त्यांचंही चूक नव्हतं, रस्ते खरोखरच बंद होते. पण व्हॉल्व्हवर एक लाल पट्टी बांधायला आणि वर्षातून एकदा तो फिरवून बघायला कुणी अडवलं होतं?

गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. पाइप फुटतो तो पुष्कळदा बर्फ जिथे धरलाय तिथे नाहीच. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढतो आणि त्यातला कमजोर सांधा जातो. म्हणूनच कडक थंडीच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा घरातला नळ बारीक धारेनं चालू ठेवायचा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायची, म्हणजे घरातली ऊब पाइपपर्यंत पोचते. गोठलाच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूनं सुरुवात करून केस वाळवायच्या ड्रायरनं शेकायचा, ज्योत लावायची नाही. यातलं एकही वाक्य मला कुठल्याही घरमालकाकडून कळलेलं नाही. पाण्याचं बिल वाढेल या धास्तीनं नळ घट्ट बंद करणारा भाडेकरू तुमचंच नुकसान करतोय, हे निदान स्वार्थापोटी तरी त्याला सांगा.

बर्फ काढण्याचं कलम मात्र सगळ्या करारांत असतं, ठळक अक्षरांत. 'दारासमोरची वाट भाडेकरूनं साफ ठेवावी.' वाट म्हणजे किती वजन, याचा हिशेब करून पाहा. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद वाटेवर ३० सेंटिमीटर बर्फ म्हणजे नऊ घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी नऊशे किलो. ओला, दबलेला असेल तर तीनशे किलोच्या हिशेबानं अडीच टनांच्या वर. आणि हे सगळं सकाळी उठल्या उठल्या, थंडीनं रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना, हातांच्या जोरावर, वाकून आणि श्वास रोखून. क्वेबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. २० सेंटिमीटर बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी पुरुषांना हृदयविकाराच्या झटक्यानं मृत्यू येण्याची शक्यता, बर्फ न पडलेल्या दिवसाच्या तुलनेत, ३४ टक्क्यांनी जास्त आढळली.

तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्ण असलेल्या भाडेकरूवर ही सक्ती करू नका. त्याचे पैसे घ्यायचे तर घ्या, पण माणूस लावा. ज्यांना करायचंय त्यांना बर्फ उचलण्यापेक्षा ढकलायचा, वादळ संपायची वाट न बघता थोडा थोडा काढायचा आणि छातीत, हातात, जबड्यात दुखू लागलं की फावडं तिथेच टाकायचं, एवढं सांगा. छपरावर तर कुणालाही चढवू नका. जपानमध्ये २००५-०६ च्या हिवाळ्यात बर्फामुळे १५२ माणसं मेली. त्यात वयस्क माणसं फार होती, आणि पुष्कळ जण छपरावरचा बर्फ उतरवताना गेले. बर्फात मुरलेल्या लोकांची ही गत, तर पहिल्यांदाच बर्फ पाहणाऱ्याला शिडी कसली देता?

जाता जाता मिठाबद्दल. जिन्याखाली तुम्ही जी पोती ठेवता, ती साध्या मिठाची असतात. उणे नऊ-दहा अंशांच्या खाली ते फारसं काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड ठेवा, नाहीतर सरळ वाळू टाका. निदान पाय तरी घसरणार नाही.

ज्या इमारतींत हीटिंगची कळ तुमच्या हातात आहे, त्यांच्याशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली थंड प्रदेशांतल्या घरांसाठी निदान १८ अंश सेल्सियस तापमान सुरक्षित मानलंय, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी असतील तर त्याहून जास्त. करारात 'पुरेशी ऊब' असा शब्द घालून मोकळं होऊ नका. आकडा लिहा. भाडेकरू थर्मामीटर लावून बसेल याची भीती वाटत असेल, तर तो लावायलाच हवा.

आता तुमचा नेहमीचा मुद्दा: अडचण आली तर फोन करा, आम्ही आहोत. एरवी हे चालतं. डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन नाताळात, अमेरिकेतल्या बफेलोत जे वादळ आलं त्यात ते चाललं नाही. बर्फाची सवय असलेलं ते शहर. तरी रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्याच बर्फात रुतल्या, मदत मागणाऱ्यांपर्यंत तासन् तास कुणी पोचू शकलं नाही, चाळीसहून अधिक माणसं गेली. काही रस्त्यावर, काही गाडीत, काही हीटिंग बंद पडलेल्या घरात. अशा वेळी तुमचा प्लंबर, तुमचा इलेक्ट्रिशियन, तुम्ही स्वतः, कुणीच येणार नसता. दोन दिवस त्या घराचं जे काय करायचं ते आत असलेल्या माणसानंच करायचंय. त्याला घराची माहिती नसेल तर तुमचा आणीबाणीचा फोन नंबर म्हणजे नुसते दहा आकडे.

घराची ही माहिती फक्त तुमच्याकडे असते. कुठली खोली लवकर गारठते, कुठल्या खिडकीला दुपारचं ऊन लागतं, कुठल्या दाराखालून वारा येतो. हीटिंग गेलं की सगळ्यांनी एकाच खोलीत जमायचं, दारं लावून घ्यायची, फटींना टॉवेल आणि खिडक्यांना ब्लँकेट लावायची, हे कुठेही वाचायला मिळतं. ती खोली कोणती, हे फक्त तुम्ही सांगू शकता. बाकी माणशी दिवसाला चारेक लिटर पाणी, नेहमीची औषधं, टॉर्च (मेणबत्ती नको), भरलेली पॉवर बँक, शिजवावं न लागणारं खाणं, ही जमवाजमव भाडेकरूची. त्यासाठी तुम्हाला कुणी बोल लावणार नाही.

वकील सांगतील की माहिती दिली आणि कुणाला इजा झाली तर जबाबदारी अंगावर येईल. हा सल्ला मला पटत नाही. व्हॉल्व्हची जागा दाखवल्यानं खटला झाला, असं होण्यापेक्षा डिटेक्टर मुदतबाह्य निघाला म्हणून होणं जास्त संभवतं. भाडेकरू दर वर्षी बदलतात, किती जणांना सांगत बसायचं, ही तक्रार मात्र मी समजू शकतो. तर मग एक कागद करा. एकाच पानाचा, चित्रांसह, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. मोबाइलवर पाठवलेली फाइल वीज गेल्यावर उपयोगाची नाही. त्या कागदावर व्हॉल्व्ह, स्विच, गॅसचा मीटर, धुराची नळी यांच्या जागा, डिटेक्टर बदलण्याची तारीख आणि एका अशा माणसाचं नाव-नंबर, जो चालत येऊ शकेल इतक्या अंतरावर राहतो. इमारतीत जुना, जाणता भाडेकरू असेल तर त्यालाच विचारा, भाड्यात थोडी सवलत द्या, तळघराची एक किल्ली त्याच्याकडे ठेवा. बर्फ पडू लागला की धुराच्या नळ्या आणि अग्निशमनाचा रस्त्यावरचा नळ मोकळा करायला तो दोघा-तिघांना हाक मारेल.

पहिला बर्फ पडायच्या आत हे व्हावं अशी विनंती आहे. या महिन्यातला कुठलाही रविवार कळवा, आम्ही घरी थांबतो. येताना डिटेक्टरच्या नव्या बॅटऱ्या आणि व्हॉल्व्हला लावायला थोडं तेल घेऊन या. शिडी आमच्याकडे आहे.

आपला,
एक भाडेकरू